गाडग्यातला हिवाळा

बालमित्रांनो, भर पावसाळ्यात हिवाळ्यातली भाजी खायची इच्छा झाली, तर तुम्ही काय कराल? फ्रिज उघडाल? आईच्या मागे लागाल? बाजारात धावाल? आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या आज्या यांतले काहीच करत नसत. उतरंडीतले एक गाडगे खाली घ्यायचे, तोंडावरचे फडके सोडायचे आणि दोन मुठी चुरचुरीत, वाळलेली पाने बाहेर काढायची. तासाभरात ताटात गरमागरम डाळभाजी! कुणाकुणाच्या घरी आजही हे गाडगे आहे. तुमच्या घरी आहे का? नसेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. आणि असेल तर जास्तच!

रोवणीच्या दिवसांची सोय

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीपासूनच या भागाची ओळख एकच, धानाचा प्रदेश. जुलै महिना आला की बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. घरातली मोठी माणसे सकाळी चिखलात उतरतात आणि दिवस मावळताना परततात. पाठ मोडून जाते, पोटात भूक असते. बाजाराला जायला सवड नाही, आणि गेले तरी पावसात भाजी कमी व महाग. अशा वेळी भातासोबत काहीतरी दमदार हवे ना? म्हणून त्याची तयारी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात करून ठेवायची. याचेच नाव वाळवण.

हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून वाळवायचे. गंमत अशी, की वेळेवर शेंडे खुडले तर झाडाचे नुकसान होत नाही. उलट त्याला बाजूने जास्त फांद्या फुटतात. म्हणजे भाजीही मिळते आणि हरभराही! मात्र फवारणी झालेल्या शेतातली भाजी खुडायची नाही, बरं का. त्याच दिवसांत अंबाडीची लाल बोंडे आणि वांग्याच्या फोडी उन्हात पडतात. उन्हाळा लागला की मूगडाळ भिजवून, वाटून, आले-मिरची घालून मुंगवड्या घालतात. पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, तीही वेचून वाळवतात. तलावांच्या या जिल्ह्यात नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा असे तलाव आहेत. त्यामुळे पुष्कळ घरांत सुकी मासळीही असतेच.

ही युक्ती एकट्या आपलीच नाही. काश्मीरमध्ये हिवाळ्यात बर्फामुळे वाटा बंद होतात. म्हणून तिथले लोक उन्हाळ्यातच वांगी, दुधी, टोमॅटो, सलगम वाळवून ठेवतात. त्यांना बर्फाची काळजी, आपल्याला पावसाची. उपाय मात्र एकच!

उन्हात नेमके काय होते?

भाजी नासवतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांनाही जगायला पाणी लागते. बहुतेक पालेभाज्यांच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते. ऊन आणि वारा ते पाणी ओढून घेतात. पाणी संपले की जिवाणूंचे काही चालत नाही. म्हणून तर टोपलीभर पाला गाडग्यात मावतो आणि वर्षभर टिकतो.

पण सगळेच कडक उन्हात टाकून चालत नाही. वड्या आणि जाड फोडी कडक उन्हात वाळवाव्यात. पाने मात्र सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी पसरावीत. कडक उन्हात पानांचा हिरवा रंग, वास आणि 'अ' जीवनसत्त्वासाठी लागणारे द्रव्य कमी होते. वाळवताना 'क' जीवनसत्त्वही बरेचसे जाते. लोह, चुना आणि चोथा मात्र शाबूत राहतात. म्हणून सुक्या भाजीवर लिंबू पिळायचे. गेलेले 'क' थोडे परत मिळते आणि भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते.

मसाल्याच्या डब्यातले कोडे

आता एक खेळ. आईचा मसाल्याचा डबा उघडा आणि ओळखा पाहू, कोणता मसाला म्हणजे झाडाचा कोणता भाग?

लवंग ही न उमललेली कळी. दालचिनी ही साल. तेजपान हे पान. हळद हे जमिनीखालचे खोड. ते आधी उकडतात, मग वाळवतात. काळे मिरे हे फळ. हिरवे असतानाच तोडून उन्हात वाळवले की ते काळे पडते. धने आणि जिरे यांना आपण बी म्हणतो, पण वनस्पतिशास्त्रात तीही फळेच. हिंग हा मुळातून निघणारा चीक. आणि दगडफूल? ते मुळी फूलच नव्हे! शेवाळ आणि बुरशी यांच्या एकत्र संसारातून ते बनते.

म्हणजे डब्यातले जवळजवळ सगळेच वाळवण! आपल्या विदर्भातली भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांना तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर भारतात आली. त्याआधी तिखटपणासाठी आपल्याकडे मिरे होते.

मसाल्यांचा वास त्यांच्यातल्या सुगंधी तेलांमुळे येतो. ही तेले पाण्यापेक्षा तेला-तुपात चांगली मिसळतात. फोडणीचे रहस्य हेच! झाडीपट्टीत पूर्वी या फोडणीला जवसाचे तेल असायचे. दळलेल्या मसाल्याचा वास लवकर उडतो, म्हणून अख्खा मसाला ठेवावा आणि लागेल तेवढाच कुटावा. सुक्या पानांचा अंदाजही लक्षात ठेवा. तीन चमचे ताज्या पानांऐवजी एक चमचा सुकी पाने पुरतात. सुकी पाने आधी घालायची, म्हणजे ती भिजून वास सोडतात. ताजा सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र सगळ्यात शेवटी.

करून पाहा : सुक्या हरभरा-भाजीची डाळ

(चार जणांसाठी. विस्तव आणि फोडणी मोठ्यांच्या हाती.)

साहित्य : वाळलेली हरभऱ्याची भाजी २ मुठी, तूरडाळ १ वाटी, लसणाच्या ८-१० पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या ३-४, मोहरी, जिरे, हळद, मीठ, पळीभर तेल, लिंबू.

कृती : भाजीतल्या काड्या निवडा. कोमट पाण्यात १५ मिनिटे भिजवा, शेताची धूळ खाली बसेल. मग वरची भाजी अलगद उचलून घ्या. डाळ हळद घालून शिजवा. तीत भाजी व दोन वाट्या पाणी घालून १५-२० मिनिटे मंद आचेवर उकळू द्या. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत परता, मिरच्या टाका आणि फोडणी डाळीवर ओता. मीठ शेवटी, चव बघूनच घाला. हरभऱ्याचा पाला मुळातच आंबट-खारट असतो. गरम भातावर वाढा, वरून लिंबू पिळा.

पालकहो, इकडे लक्ष द्या

वाळवण अर्धवट वाळले किंवा गाडग्यात ओल शिरली, तर बुरशी धरते. काही बुरशींचे विष असे असते, की धुतल्याने, भाजल्याने, उकळल्यानेही ते पूर्ण जात नाही. मिरची, शेंगदाणे यांच्याबाबत तर फारच जपावे. कुबट वास आला, पांढरे-हिरवे डाग दिसले, तर जीव हळहळला तरी टाकून द्यावे. पान मुठीत चुरले पाहिजे, वडी मोडताना 'कट' आवाज आला पाहिजे. मगच ते भरायचे. पावसाळ्यात ओला हात किंवा ओला चमचा आत जाता कामा नये. आणि मुलांनो, रानातला ओळखीचा नसलेला पाला किंवा अळिंबी मोठ्यांना न दाखवता कधीही आणू नका.

हा 'कट' आवाज, हा वास, ही चव पुस्तकात सापडत नाही. ती आजीच्या कानात, नाकात आणि हातात आहे. पाकीट विकत आणणे सोपे म्हणून घरोघरी गाडगी रिकामी होत चालली आहेत. आजीला विचारले नाही, तर तिचे शहाणपण आपल्यापर्यंत पोचणार कसे?

तेव्हा या रविवारी एवढे करा. आजीजवळ किंवा शेजारच्या एखाद्या काकूंजवळ वही घेऊन बसा. त्या काय-काय वाळवतात, कोणत्या महिन्यात, उन्हात की सावलीत, किती दिवस आणि त्याचे पुढे काय करतात, हे पाच प्रश्न विचारा. त्यांच्याच शब्दांत उत्तरे लिहा. मग मूठभर मेथी किंवा कढीपत्ता निवडून, धुऊन, छपरीत फडक्यावर पसरा. रोज शाळेतून आल्यावर चुरून बघा. कितव्या दिवशी पान चुरले, तेही वहीत लिहून ठेवा.