न सांगतां घेतलेलें औषध

आपल्या एकत्र कुटुंबांतील औषधें सहसा कोणा एकट्याचीं नसतात. आजोबांची रक्तदाबाची गोळी कोणती, काकूंना मधुमेहासाठीं दिवसांतून किती वेळां औषध घ्यावें लागतें, हें घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलासही ठाऊक असतें. वडील माणसास गोळीचा विसर पडला तर सून आठवण करून देते. परगांवीं जावयाचें झालें तर मुलगा डबी भरून देतो. परस्परांवरील ही नजर कधीं कधीं जाचक वाटली, तरी तिनें पुष्कळांचे प्राण वाचविले आहेत. परंतु या पहाऱ्यांतून एक औषध नेहमीं निसटतें. तें औषधांच्या पेटींत नसतें. पुस्तकांच्या मागें, प्रवासाच्या पिशवींत किंवा कचेरींतील टेबलाच्या खणांत असतें. पुरुषाच्या कामेंद्रियास येणाऱ्या शैथिल्यावरील गोळ्या, हेंच तें औषध होय.

विषय नाजूक आहे, म्हणून कौटुंबिक मासिकाच्या पानांत तो नको, असें कोणास वाटेल. त्यांना इतकेंच सांगावयाचें कीं, प्रा. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून अशा प्रश्नांची मराठींत उघड चर्चा आरंभिली, त्यास आतां सुमारें शतक लोटलें. शिवाय येथें प्रश्न शृंगाराचा नसून आरोग्याचा, आणि प्रसंगीं प्राणांचा आहे. हीं औषधें जात्या भयंकर नाहींत. योग्य माणसानें, डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतल्यास तीं बहुतेकांस निर्धोक ठरलीं आहेत. खरा धोका आहे तो तीं लपवून घेण्यांत. हा भेद घरोघरीं पटावा, एवढ्यासाठींच हा लेख.

या औषधाचा जन्मच मुळीं हृद्रोगाच्या संशोधनांतून झाला. इंग्लंडच्या केंट परगण्यांतील सँडविच या गांवीं फायझर कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथें सिल्डेनाफिल हें द्रव्य तयार झालें, तें हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करून छातींतील कळ शमवावी या हेतूनें. चांचण्यांमध्यें हृदयाच्या कामीं त्याचा अपेक्षित उपयोग दिसला नाहीं. मात्र एक निराळाच परिणाम नजरेस आला. त्या दिशेनें पुढें संशोधन होऊन २७ मार्च १९९८ रोजीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें त्यास मान्यता दिली, आणि 'व्हायाग्रा' या नांवानें तें जगभर पसरलें. त्याच जातीचीं टॅडालाफिल व वार्डेनाफिल हीं औषधें अमेरिकेंत २००३ सालीं आलीं. आपल्या देशांत त्या काळीं, १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें, खुद्द औषधावर पेटंट मिळत नसे, तें तयार करण्याच्या कृतीवर मात्र मिळे. त्यामुळें अनेक भारतीय कंपन्यांनीं हें औषध आपापल्या नांवांनीं स्वस्तांत बाजारांत आणलें. कायद्याप्रमाणें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तें विकतां येत नाहीं. प्रत्यक्षांत चिठ्ठी न पाहतांही तें पुष्कळ ठिकाणीं मिळतें.

हें औषध वासना उत्पन्न करीत नाहीं, ही गोष्ट प्रथम लक्षांत घ्यावी. मनांत इच्छा जागृत झाली म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांतून व रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतून नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत सुटतो. त्यायोगें पेशींत सायक्लिक जीएमपी नांवाचें द्रव्य तयार होतें, रक्तवाहिन्यांचे स्नायु सैल पडतात आणि इंद्रियांत रक्त भरतें. त्या द्रव्याचा पुढें नाश करणारें पीडीई-५ नांवाचें एक एन्झाइम शरीरांत असतें. सिल्डेनाफिल त्या एन्झाइमास रोखून धरतें. थोडक्यांत म्हणजे, नळ सोडावयाचा तो शरीरानेंच. औषध केवळ मोरीस बोळा लावतें.

नायट्रिक ऑक्साइडचें हें कार्य उलगडून दाखविल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. योगायोग असा कीं, आल्फ्रेड नोबेल यांनीं आपली संपत्ति मिळविली ती नायट्रोग्लिसरिनपासून स्फोटकें करून, आणि उतारवयांत त्यांच्या हृदयविकारावर डॉक्टरांनीं सुचविलेलें औषधही नायट्रोग्लिसरिनच होतें. हेंच द्रव्य व त्याचीं भावंडें आज आपल्या घरांतून औषधरूपानें वावरत आहेत, आणि आपल्या विषयांतील सर्वांत मोठा धोका त्यांच्याशींच निगडित आहे.

छातींत कळ आली असतां जिभेखालीं ठेवावयाची गोळी अनेक हृद्रोग्यांच्या खिशांत असते. लोक जिला 'सॉर्बिट्रेट' म्हणून ओळखतात ती आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी, रोज घेण्याची आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची गोळी, आणि नायट्रोग्लिसरिनचा फवारा, हीं सर्व नायट्रेट जातीचीं औषधें. तीं शरीरास नायट्रिक ऑक्साइडच पुरवितात. म्हणजे नळ पूर्ण सोडतात. एकीकडे मोरी तुंबलेली आणि दुसरीकडे नळ पूर्ण सुटलेला, अशी स्थिति झाली म्हणजे साऱ्या शरीरांतील रक्तवाहिन्या एकदम सैल पडून रक्तदाब कोसळतो. मनुष्य बेशुद्ध होतो; आणि ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधींच अरुंद झाल्या आहेत त्यास हृदयाचा रक्तपुरवठा तुटून मृत्युही येऊं शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्यानें हीं औषधें कधींही घेऊं नयेत, हा पहिला नियम. दुसरा नियम असा कीं, सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून ४८ तास रुग्णास नायट्रेट देऊं नये. टॅडालाफिलचा अंमल दीर्घकाळ टिकतो. त्याचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारें साडेसतरा तास लागतात, सिल्डेनाफिलला सुमारें चार.

आतां एका प्रसंगाची कल्पना करा. मध्यरात्रीं घरांतील साठी उलटलेल्या गृहस्थांच्या छातींत कळ येते. मुलगा धांवत येतो आणि आजीच्या डबींतील सॉर्बिट्रेट काढून वडिलांच्या जिभेखालीं ठेवतो. नवऱ्यानें दोन तासांपूर्वीं काय घेतलें हें पत्नीस ठाऊक आहे. पण दीर, जावा, मुलगे, सुना भोंवतीं उभ्या असतां तें तिच्या तोंडून निघत नाहीं. किंवा तिलाही तें ठाऊक नाहीं. मुलानें जें केलें तें प्रेमानें केलें. परंतु एका न सांगितलेल्या गोष्टीनें तेंच घातक ठरूं शकतें. ही लाज फार महाग पडते.

इतर औषधांशीं होणारे विरोधही ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. उतारवयांत प्रोस्टेट ग्रंथि वाढून लघवीस त्रास होतो. त्यासाठीं टॅम्सुलोसिन, टेराझोसिन, प्राझोसिन अशीं औषधें देतात. तींही रक्तवाहिन्या सैल करणारीं असल्यामुळें दोहोंच्या मिलाफानें उभें राहतांना घेरी येऊन मनुष्य पडण्याचा संभव असतो. म्हणून अशा वेळीं डॉक्टर अल्प मात्रेनें आरंभ करतात. बुरशीजन्य रोगावरील किटोकोनाझोल व इट्राकोनाझोल, जंतुनाशकांपैकीं एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन, आणि एचआयव्हीवरील रिटोनाविर हीं औषधें यकृतांतील एन्झाइमास मंद करतात, त्यामुळें साधी मात्राही अतिरिक्त होते. ग्रेपफ्रूट या फळाच्या रसानेंही थोडेंबहुत तसेंच घडतें. उलट क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधानें गोळीचा प्रभाव घटतो. मग गुण येत नाहीं म्हणून स्वतःच मात्रा वाढविण्याचा मोह होतो. फुप्फुसांतील रक्तदाबावरील रिओसिग्वाट घेणाऱ्यास तर हीं औषधें पूर्ण वर्ज्य आहेत. मद्यानेंही रक्तदाब उतरतो, म्हणून त्याची जोड नको.

सिल्डेनाफिलच्या गोळ्या २५, ५० व १०० मिलिग्रॅमच्या असतात. पासष्टीपुढील माणसास सामान्यतः २५ पासून आरंभ करतात, आणि दिवसांतून एकाहून अधिक वेळां ती कोणीही घेऊं नये. तुपाची धार घेतलेल्या पुरणपोळीच्या जेवणानंतर ती घेतली तर गुण येण्यास विलंब लागतो. गोळी फुकट गेली असें समजून लागलीच दुसरी घेणें ही मोठी चूक होय.

डोकें दुखणें, चेहरा लाल व उष्ण होणें, नाक चोंदणें, अपचन, किंचित् घेरी, हे नेहमींचे दुष्परिणाम बहुधा आपोआप शमतात. सिल्डेनाफिलनें कांहींना थोडा वेळ निळसर दिसतें. टॅडालाफिलनें पाठ व स्नायु दुखतात. परंतु चार लक्षणें दिसतांच, रात्र असो वा दिवस, रुग्णालय गांठलें पाहिजे. एका वा दोन्ही डोळ्यांची दृष्टि एकाएकीं जाणें. कानानें एकाएकीं ऐकूं न येणें. ताठरता चार तासांहून अधिक टिकणें. आणि छातींत दुखणें. तिसऱ्या प्रकारांत संकोचानें वाट पाहिल्यास इंद्रियास कायमची इजा होते. ज्यांना गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला आहे, ज्यांचा रक्तदाब फारच कमी आहे, किंवा ज्यांच्या घराण्यांत रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा दृष्टि क्षीण करणारा विकार आहे, त्यांनीं आधीं तज्ज्ञाचें मत घेतल्यावांचून या वाटेस जाऊं नये.

गोळीस भिऊन कित्येक गृहस्थ 'वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांकडे व कॅप्सूलांकडे वळतात. झाडपाल्याचें तेवढें निरुपद्रवी, ही आपली जुनी समजूत आहे. वस्तुतः अशा मालांत सिल्डेनाफिलच छुपेपणानें मिसळलेलें असल्याचें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यास वारंवार आढळलें आहे. म्हणजे आपण नायट्रेटशीं विरोधी औषध घेत आहोंत, हें घेणाऱ्यासही कळत नाहीं. सिंगापुरांत २००८ सालच्या पहिल्या पांच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तांतील साखर अतिशय उतरल्यामुळें सरकारी रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकीं चार दगावले. शोध घेतां, त्यांतील अनेकांनीं घेतलेल्या बनावट कामोत्तेजक औषधांत मधुमेहावरील ग्लायबेनक्लामाइड हें औषध भरमसाट प्रमाणांत निघालें. आपण काय घेतलें हें ज्यांनीं लपविलें त्यांच्या बेशुद्धीचें कारण डॉक्टरांस तरी कसें उमगावें?

आणखी एक गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. हें शैथिल्य पुष्कळदां स्वतंत्र रोग नसून दुसऱ्या रोगाची पूर्वसूचना असतें. कामेंद्रियाच्या रोहिणी हृदयाच्या रोहिणींपेक्षां बारीक असतात. म्हणून रक्तवाहिन्या अरुंद होऊं लागल्या म्हणजे त्रास प्रथम तेथें जाणवतो, आणि हृदयाची तक्रार कांहीं वर्षांनंतर उद्भवते. मधुमेह, उच्च रक्तदाब व तंबाखूचें व्यसन यांचाही तो परिणाम असूं शकतो. जो दुकानांतून गुपचूप गोळी आणून भागवितो, तो धोक्याची घंटा ऐकून तिच्यावर कापड टाकतो. डॉक्टरांकडे गेल्यास रक्तांतील साखर, चरबी व रक्तदाब यांची तपासणी होते आणि पुढील संकट टळण्याचा संभव असतो. रक्तदाबावरील कांहीं औषधांनींही शैथिल्य येतें. पण त्या कारणानें तीं आपल्या मनानें बंद करणें घातक होय. डॉक्टर त्यांस पर्याय देऊं शकतात.

घरांतील मंडळींसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. औषधाचें नांव पाहून तर्क लढवूं नयेत. टॅडालाफिल वाढलेल्या प्रोस्टेटसाठींही देतात. फुप्फुसांतील रक्तदाब वाढला असतां सिल्डेनाफिल स्त्रियांस, क्वचित् तान्ह्या बालकांसही देतात. सुनेच्या किंवा नातवाच्या चिठ्ठींत हें नांव दिसल्यास कुजबुज न करतां डॉक्टरांस विचारावें. घरांत कुजबुजीचें भय नसेल, तरच औषध पुस्तकांच्या मागून पेटींत येईल.

सर्व कुटुंबास सांगा, असें कोणी म्हणत नाहीं. दोघांस मात्र सांगितलेंच पाहिजे: एक डॉक्टर आणि दुसरी पत्नी. डॉक्टरांपुढें आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी ठेवावी, पुडी असली तरी ती गाळूं नये. आणि पत्नीस एक वाक्य पाठ असावें. छातींत कळ आली तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि येणाऱ्या डॉक्टरांस म्हणावें, "यांनीं आज सिल्डेनाफिल घेतलें आहे, नायट्रेट देऊं नका." चारचौघांत हें बोलवत नसेल तर औषधाचें नांव व घेतल्याची वेळ कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून डॉक्टरांच्या हातीं द्यावी. तेवढ्यानें ते काय तें समजतात, आणि उपचाराची निराळी दिशा धरतात.