खिशातील बारनिशी

जुन्या सरकारी कचेऱ्यांतील बारनिशी ज्यांनी पाहिली आहे त्यांस आठवत असेल, की तेथे आलेला प्रत्येक कागद आवक रजिस्टरात चढे, गेलेला जावक रजिस्टरात चढे, अपुरे मसुदे निराळ्या नस्तीत पडून राहत, आणि पोच हाती येईतो आपले काम संपले असे कारकून मानीत नसे. हीच शिस्त, कारकुनावाचून आणि रजिस्टरावाचून, सव्वाशे ग्रॅमहून किंचित हलक्या अशा एका यंत्रात मला प्रथम सापडली. ते यंत्र म्हणजे नोकिया ६६००. त्याची माझी संगत २००४ सालापासूनची आहे, आणि त्याच्या संदेशविभागाविषयी कोणी विषय काढला की माझे बोलणे लांबते, हे मित्रमंडळींस ठाऊक आहे.

स्मार्टफोनचा पूर्वेतिहास थोडक्यात आटोपतो. आयबीएमचा सायमन १९९४ मध्ये विक्रीस आला, नोकियाचा ९००० कम्युनिकेटर १९९६ मध्ये. १९९८ साली नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि ब्रिटनमधील सायॉन यांनी मिळून सिंबियन ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या प्रणालीवर चालणारा ६६०० हा जून २००३ मध्ये जाहीर झाला. पडदा १७६ गुणिले २०८ बिंदूंचा, प्रोसेसर १०४ मेगाहर्ट्‌झचा, सोबत कॅमेरा, ब्लूटूथ आणि इन्फ्रारेड. एवढे पुरे.

आता दप्तराकडे वळू. संदेशाचे दालन उघडले की एकाखाली एक खण मांडलेले दिसत: आलेले संदेश, स्वतःचे कप्पे, ई-मेलची पेटी, मसुदे, पाठविलेले संदेश, रवानगीच्या प्रतीक्षेतील संदेश, आणि सर्वांत शेवटी पोच-अहवाल. ब्लूटूथवरून मित्राने धाडलेले छायाचित्रसुद्धा आलेल्या संदेशांच्याच खणात रुजू होई, कारण बाहेरून जे येईल ते आवकच, हा दंडक येथे कसोशीने पाळला जाई. संदेश किती काळ जिवंत ठेवावा हेही पाठविणारा ठरवू शके. समोरच्याचे यंत्र बंद असल्यास संदेशकेंद्राने तो एक तास जपावा, सहा तास, चोवीस तास, तीन दिवस की आठवडाभर, याची तजवीज आधीच करून ठेवता येई. ‘संध्याकाळी सहाला भेटू’ हा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचून घोटाळा करण्यापेक्षा तो मुदतीत विरून जावा, हा विचार ज्यांना सुचला त्यांच्या व्यवहारज्ञानाविषयी मला आजही आदर वाटतो.

संदेशाच्या अक्षरमर्यादेची कथा याहून जुनी आहे. जर्मनीतील बॉन येथे १९८५ साली फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टंकलेखन यंत्रावर साधीसुधी वाक्ये आणि प्रश्न लिहून अक्षरे मोजली, आणि बहुतेक मजकूर १६० अक्षरांच्या आत संपतो असे त्यांस आढळले. दूरध्वनीच्या संकेतवहनासाठी राखलेल्या वाटेने जे १४० बाइट नेता येत, त्यांत प्रत्येक अक्षरास सात बिट दिले की बरोबर १६० अक्षरे मावतात. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी संगणकावरून पाठविला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. नोकियाच्या यंत्रांतील एक परिचित संदेशध्वनी, तीन ऱ्हस्व, दोन दीर्घ, पुन्हा तीन ऱ्हस्व, हा मोर्सच्या लिपीतील एसएमएस हाच शब्द आहे, हे कळले त्या दिवशी मी तो ध्वनी पुन:पुन्हा ऐकला. तारखात्याची कडकट्ट नव्या यंत्राच्या कंठात उतरली आहे असे मला वाटले.

परंतु हा १६० चा हिशेब रोमन लिपीचा. देवनागरीस प्रत्येक खुणेमागे सोळा बिट लागतात, म्हणून आपल्या वाट्यास त्याच १४० बाइटांत केवळ ७० जागा येतात. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांतील प्रत्येक खूण स्वतंत्र जागा अडविते. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यानेच २७ जागा संपतात. माझ्या यंत्रात तर देवनागरी नव्हतीच, कोणी धाडलीच तर रिकाम्या चौकटींची रांग दिसे. तेव्हा मराठी रोमन लिपीत लिहिणे भाग होते. ‘नमस्कार’ या एका शब्दास कळा १५ वेळा दाबाव्या लागत. हे श्रम वाचविण्यासाठी शब्द ओळखणारा टी-नाइन कोश होता खरा, पण तो इंग्रजीचा. ‘आई’ लिहिण्यासाठी दोन, दोन, चार या कळा दाबाव्यात तर पडद्यावर ‘बॅग’ उमटे. मी हट्टाने एक एक मराठी शब्द त्या कोशात भरीत गेलो, आणि वर्षभरात यंत्रास आई, ताई, पोहोचलो, जेवलास का, इतके समजू लागले.

दिवाळीचा उल्लेख आला म्हणून एक आठवण. आपल्या देशातील मोबाइल कंपन्या स्वस्त संदेशांची योजना सणाच्या दिवशी स्थगित ठेवीत आणि त्या दिवशी पूर्ण दर आकारीत. त्यामुळे शुभेच्छा आदल्या रात्रीच धाडण्याची रीत पडली, आणि वसुबारसेपासूनच यंत्र वाजू लागे.

इतर सोयींपैकी एकीचेच नाव घेतो: यंत्र बंद असतानाही गजर वेळेवर होई.

२००७ साली आयफोन आला, त्याने आलेले आणि गेलेले संदेश एकाच संवादात गुंफले, आणि पुढे तीच रीत सर्वत्र रूढ झाली. तिची सोय मी नाकारीत नाही. परंतु वेगवेगळ्या खणांत राहणारा संदेश हा स्वयंपूर्ण दस्तऐवज असे; तो लिहिताना संबोधन, मजकूर आणि आपले नाव हे सारे १६० अक्षरांत बसवावे लागे, आणि म्हणून तो वर्षांनंतर उघडला तरी मागचेपुढचे न वाचता उलगडतो. वाहत्या संभाषणातील ‘हो’ आणि ‘बरं’ यांस ते भाग्य नाही.

पुण्यातील जुन्या बाजारात मी अजून रविवारी हिंडतो. गेल्या वर्षी तेथे एक ६६०० मिळाला, घासलेला, परंतु जिवंत. तो मी घेतला तो सुट्या भागांसाठी; माझे मूळ यंत्र एका दुरुस्तीच्या दुकानात पूर्वीच पुसून कोरे करण्यात आले होते. तरीही देवरुखच्या माझ्या थोरल्या बहिणीचे शेवटच्या दोन वर्षांतील संदेश वाचले, कारण संदेश कोठे साठवावेत या प्रश्नाचे उत्तर मी फार पूर्वी ‘मेमरी कार्ड’ असे देऊन ठेवले होते. नव्या यंत्रात ते ३२ एमबीचे कार्ड सरकविले आणि तिचा निरोप पुन्हा उघडला: सुखरूप पोहोचले, आंबे आज पाठविते, पोच कळव, ताई.

ज्या वाचकांच्या कपाटात असे यंत्र पडून असेल त्यांस विनंती, की जाड पिनेचा चार्जर आणि न फुगलेली बीएल-५सी बॅटरी मिळते आहे तोवर ते एकदा सुरू करावे, आणि त्यातील संदेश, तारीखवार, वहीत हाताने उतरवून घ्यावेत.