शिकारीचा हंगाम: बदकं मे महिन्यात, कायदा सप्टेंबरमध्ये

मंडळी, आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे. शिकार वर्षाच्या कुठल्या काळात करावी, हे कसं ठरतं? आपल्याकडे हा प्रश्न आता कायद्याने उरलेला नाही, असं तुम्ही म्हणाल. ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही सुरुवातीला परवान्याची शिकार होती आणि बंद हंगाम जाहीर करायची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीत ती सगळी कलमं गेली. पण हंगामाचा विचार आपल्याला परका नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मग नारळी पौर्णिमा येते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण. दुसरं कारण बाजारात मासळी चिरून घेणाऱ्या कुणालाही माहीत आहे: या दिवसांत मासळीच्या पोटात गाभोळी असते.

शिकारीच्या हंगामामागेही साधारण हाच हिशेब आहे. समजा, एका तळ्यावर वसंतात शंभर बदकं आहेत. (आकडे आपण फक्त समजून घेण्यासाठी घेतोय.) ती घरटी करतात, पिल्लं होतात, आणि शरद ऋतूत तळ्यावर तीनशे पक्षी दिसतात. पण कडाक्याच्या हिवाळ्यात अन्न आणि निवारा पुरतो शंभरांनाच. म्हणजे शिकाऱ्याने बंदूक उचलली काय किंवा न उचलली काय, दोनशे पक्षी वसंतापर्यंत टिकणार नाहीत. शरदात त्यातले काही मारले, तर पुढच्या वर्षीच्या संख्येला फारसा धक्का लागत नाही. शिवाय पक्षी खाऊनपिऊन चरबी धरलेले असतात, पिल्लं स्वतंत्र झालेली असतात. शिकाऱ्यालाही सोयीचं आणि कळपालाही परवडणारं.

आता तेच वसंतात बघा. हिवाळ्याची चाळणी पार करून शंभर उरले आहेत. त्यांतले पन्नास मारले तर ते मुद्दलातूनच गेले, कारण घरटी करणारे तेच आहेत. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनावर पाठ्यपुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे शास्त्र विद्यापीठांत रीतसर शिकवलं जातं. एक सावधगिरी मात्र हवी. 'हिवाळ्यात मरणारच होते' हा युक्तिवाद ताणला की तुटतो. हंस-गीझसारखे पक्षी बरीच वर्षं जगतात, उशिरा वयात येतात आणि थोडी अंडी घालतात. त्यांच्यात मोठी मादी मारली जाणं कधीही महागच पडतं.

तर शरदात शिकार आणि वसंतात बंदी, हे सूत्र उत्तर अमेरिकेत कायद्यात उतरलं. पार्श्वभूमी भयंकर होती. बाजारात विकण्यासाठी होणाऱ्या शिकारीने पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर, ज्याचे थवे एकेकाळी आकाश झाकून टाकत, संपवलं होतं. त्याची घरट्यांची वसाहत सापडली की शिकारी तिथेच तळ ठोकायचे. शेवटची मादी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला. त्यानुसार शिकारीच्या पक्ष्यांसाठी १० मार्च ते १ सप्टेंबर हा बंद काळ ठरला. करार चांगलाच होता. त्याने असंख्य पक्षी वाचवले, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आपण त्याच्यावर टीका करणार आहोत.

टीकेचं कारण कळायला नकाशावर अलास्काचं अगदी वरचं टोक बघा. तिथे ७१ अंश उत्तर अक्षांशावर बॅरो नावाचं गाव आहे. २०१६ पासून त्याचं अधिकृत नाव उट्कियाग्विक, म्हणजे तिथल्या इनुपियाट लोकांचं जुनंच नाव. नोव्हेंबरच्या मध्यानंतर तिथे दोन महिने सूर्य उगवत नाही. एप्रिल-मे मध्ये समुद्राच्या बर्फाला भेगा पडतात, त्या पाण्याच्या पट्ट्यातून देवमासे वर येतात आणि गावकरी बर्फाच्या कडेवर मुक्काम ठोकतात. त्याच पट्ट्यावरून मे महिन्यात आयडर नावाची मोठी समुद्री बदकं लाखांच्या संख्येने उत्तरेकडे जातात. लांब हिवाळ्यानंतरचं ते पहिलं ताजं पक्ष्यांचं मांस. आणि कायद्याचा हंगाम उघडतो सप्टेंबरमध्ये! तोवर बहुतांश पक्षी परतीच्या वाटेला लागलेले असतात. दक्षिणेतल्या शिकाऱ्याला तोच पक्षी शरदात आपल्या तळ्यावर मिळतो. उत्तरेतल्याने तो वसंतात घेतला की गुन्हा.

करार लिहिणारे या लोकांना अगदीच विसरले होते असंही नाही. मूळ करारात सवलत होती, पण पफिन, ऑक असल्या पक्ष्यांची आणि त्यांच्या अंड्यांची. जी बदकं आणि गीझ त्यांच्या ताटात खरोखर असायची, त्यांना ती लागू नव्हती. दूरच्या कचेरीत बसून दुसऱ्याच्या जेवणाची यादी केली की असं होतं.

कित्येक वर्षं हा कायदा तिथे कागदावरच राहिला. १९५९ मध्ये अलास्का राज्य झालं आणि अंमलबजावणी कडक होऊ लागली. मे १९६१ मध्ये बॅरोत बंद काळात बदकं मारल्याबद्दल पकडापकडी झाली. पकडलेल्यांत राज्याच्या विधिमंडळाचे एक सदस्यही होते, ते इनुपियाटच. मग गावाने काय करावं? १३८ जण एकेक आयडर हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर उभे राहिले: आम्हीही मारलंय, आम्हालाही अटक करा. आपण ज्याला जेलभरो म्हणतो, तेच हे. एवढ्या माणसांना ठेवायला तिथे तुरुंग कुठला असणार? पुढे खटले मागे घेतले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या गावांतल्या इनुपियाट प्रतिनिधींची परिषद बॅरोत भरली, आणि १९६२ मध्ये 'टुंड्रा टाइम्स' हे अलास्कातल्या मूलनिवासींचं वृत्तपत्र निघालं. जमिनीच्या हक्कांच्या पुढच्या लढ्याला या दोन्हींचा मोठा आधार झाला.

इथे गोष्ट संपली असती तर ऐकायला गोड वाटलं असतं. पण ती पुढे अवघड होते. कायदा पुस्तकात तसाच राहिला आणि सरकार बरेचदा डोळेझाक करू लागलं. म्हणजे शिकार चालू, पण नियम कुठलाच नाही आणि नोंदही नाही. आणि बदकं बर्फावरून उडत जाताना टिपणं वेगळं, घरट्यांच्या प्रदेशातच गीझ मारणं आणि अंडी गोळा करणं वेगळं. अलास्काच्या पश्चिमेला युकॉन आणि कुस्कोक्विम नद्यांचा त्रिभुज प्रदेश आहे, तिथे युपिक लोक राहतात. त्या भागात घरटी करणारा कॅकलिंग गूज हा छोटा गूज साठच्या दशकात काही लाख होता, तो १९८४ पर्यंत तीस हजारांच्याही खाली आला. हा पक्षी तेव्हा हिवाळा काढायचा मुख्यतः कॅलिफोर्नियात. कॅलिफोर्नियाचे शिकारी म्हणत, वसंतात आणि घरट्यावर मारतात ते वर. युपिक म्हणत, हिवाळाभर बंदुका चालवता तुम्ही खाली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. आपण मघाशी केलेला हिशेब युपिकांनाही चुकत नव्हता: वसंतातला पक्षी मुद्दलातला असतो.

१९८४ मध्ये हूपर बे या युपिक गावाच्या नावाने ओळखला जाणारा समझोता झाला. युपिक गावांनी या गूजची शिकार आणि अंडी गोळा करणं थांबवायचं, कॅलिफोर्नियानेही आपला हंगाम बंद करायचा. गंमत बघा, करारानुसार युपिकांची वसंतातली शिकार मुळात बेकायदाच होती. जी गोष्ट कायद्यात अस्तित्वातच नाही, ती थांबवण्याचा समझोता! पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं होती म्हणून तो पाळला गेला. नव्वदच्या दशकात संख्या पुन्हा लाखाच्या वर गेली.

मूळ करारात दुरुस्ती व्हायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकेच्या सिनेटने ती १९९७ मध्ये मान्य केली आणि अलास्कात पहिला कायदेशीर वसंत-उन्हाळी हंगाम २००३ मध्ये उघडला. बॅरोतल्या त्या १३८ जणांनंतर बेचाळीस वर्षांनी.

आता हा हंगाम कसा बेतलाय ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. तो साधारण २ एप्रिल ते ३१ ऑगस्ट असतो, पण मध्ये तीस दिवस बंद: ऐन घरटी करण्याचे. हे तीस दिवस सगळीकडे एकच नाहीत. दक्षिणेकडे बर्फ लवकर वितळतो, घरटी लवकर होतात. उत्तरेकडे उशीर होतो. त्यामुळे प्रदेशागणिक तारखा वेगळ्या ठेवल्या आहेत. मूलनिवासी, राज्य आणि केंद्र सरकार यांचे प्रतिनिधी एकत्र बसून नियमांच्या शिफारशी करतात. काही पक्षी पूर्ण वर्ज्य आहेत. आयडरच्याच दोन जाती, स्पेक्टॅकल्ड आणि स्टेलर्स, नव्वदच्या दशकात धोक्यातल्या यादीत गेल्या. त्या मारायला बॅरोच्या माणसालाही परवानगी नाही. उडत्या थव्यात किंग आयडर कुठला आणि स्पेक्टॅकल्ड कुठला, हे बंदूक उचलण्याआधी ओळखायची जबाबदारी त्याचीच आहे.