आंब्याच्या पेटीवर मिळालेली लिंक

हापूसचा हंगाम तोंडावर आला की रत्नागिरीतले बागायतदार आणि होमस्टेवाले फोनला चिकटतात. रील होते, फेसबुकच्या दहा ग्रुपांत तीच पोस्ट पडते आणि प्रत्येक पोस्टखाली आपल्या वेबसाइटची लिंक. जितक्या ठिकाणी लिंक, तितकी साइट गूगलमध्ये वर, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. हे अर्धंच खरं आहे.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँकमध्ये दुसऱ्याच्या साइटवरची लिंक म्हणजे आपल्याला मिळालेलं मत, अशी कल्पना होती. आज गूगल इतरही पुष्कळ गोष्टी पाहतो, तरी लिंकची किंमत संपलेली नाही. पण फेसबुकवर आपणच टाकलेली लिंक हे मत नव्हे. अशा लिंकांवर बहुधा ‘नोफॉलो’ची, म्हणजे ‘ही लिंक मत म्हणून मोजू नका’ असं गूगलला सांगणारी खूण असते. कमेंटमधला कचरा रोखण्यासाठी ती २००५ साली आली. २०१९ पासून गूगल तिला हुकूम न मानता इशारा मानतो, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक तर उघडतही नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात काय चाललंय ते गूगलला दिसत नाही. आणि लाइक, फॉलोअर मोजून गूगल क्रमांक लावत नाही, हे तिथले तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं.

मग लिंकसाठी सोशल मीडियाचा काही उपयोगच नाही, असं काही जण ठरवून टाकतात. हा गैरसमज पहिल्यापेक्षा महाग पडतो. लिंक तिथे मिळत नाही. लिंक देऊ शकणारी माणसं मात्र तिथेच सापडतात.

कोकणातल्या सड्यांवरच्या, म्हणजे पठारांवरच्या, खडकात कोरलेल्या कातळशिल्पांचंच घ्या. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी ती शोधत वर्षानुवर्षं सडे तुडवत होते. २०१८ मध्ये त्या शोधाची बातमी जगभर गेली आणि २०२२ मध्ये नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. आता भटक्यांच्या ग्रुपांत लोक विचारतात, कशेळीच्या हत्तीपर्यंत गाडी जाते का, सड्यावर सावली आहे का, आजीला चालवेल का. जवळचा होमस्टेवाला कमेंटमध्ये उत्तर देतो, चार जण अंगठा दाखवतात, आणि दोन दिवसांत ते उत्तर खाली गडप होतं. तेच उत्तर नकाशा आणि स्वतः काढलेल्या फोटोंसह साइटवर एका पानावर लिहिलं, तर प्रवासावर लिहिणाऱ्याला, सहल ठरवणाऱ्या शिक्षकाला, बातमीदाराला बोट दाखवायला जागा मिळते. ही माणसं शोधायची कशी? फेसबुक, इन्स्टाग्रामवर ‘कातळशिल्प’ शोधा. कोण लिहितंय, कुणाच्या प्रोफाइलवरून स्वतःची साइट उघडते ते पाहा. त्यांच्या लेखात बारसूचा फोटो कशेळीच्या नावाने लागला असेल तर नम्रपणे कळवा, आणि आपलं पान सोबत जोडा. नुसतं ‘आमची लिंक टाका’ म्हणणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही, देऊही नये.

त्याहून सोपं काम बहुतेक जण करतच नाहीत: आपल्याच होमस्टेचं नाव यूट्यूबवर शोधणं. राहून गेलेल्या कुणीतरी व्हिडिओत कौतुक केलेलं असतं, ब्लॉगवर लिहिलेलंही असतं, पण पत्ता म्हणून फक्त फोन नंबर. ब्लॉगवर साइटची लिंक घाला, एवढं सांगितलं तरी पुष्कळ जण घालतात.

आता लिंकच्या बदल्यात पाठवलेल्या आंब्याच्या पेटीकडे वळू. ‘पैसे कुठे दिले? एक पेटी पाठवली फक्त’ हे आपल्याकडे फार ऐकू येतं. गूगलच्या नियमांत लिंकच्या बदल्यात वस्तू देणं आणि पैसे देणं यांत फरक नाही. अशा लिंकवर २०१९ पासून ‘स्पॉन्सर्ड’ची खूण अपेक्षित आहे. शिवाय फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिताना तसं उघड सांगावं, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. खूण नसेल आणि गूगलच्या ध्यानात आलं, तर बहुतेकदा शिक्षाबिक्षा होत नाही, लिंक मोजलीच जात नाही. पेटी मात्र गेलेली असते. दहा बागायतदारांनी ग्रुप करून एकमेकांच्या लिंका लावणंही त्याच पंक्तीतलं. शेजारच्या खानावळीचं नाव पाहुण्यांच्या सोयीसाठी आपल्या साइटवर दिलं, तर त्यात काही वावगं नाही.

आंब्यात लिंक मिळवण्यासारखा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दर हंगामात कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जातो आणि फेसबुकवर ‘फसलो’च्या पोस्टी येतात. त्या पोस्टींखाली विचारलेले प्रश्न गोळा करा: देठाजवळ काय पाहायचं, कापल्यावर रंग कसा, मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता कसा ओळखायचा. त्यांची उत्तरं बागेतल्या फोटोंसह एका पानावर मांडा, आणि हे काम थंडीतच उरका. वाशीच्या बाजारात पहिली पेटी उतरली की बातम्या सुरू होतात, आणि मे संपता संपता त्या थांबलेल्या असतात.