लॅपटॉपच्या पोटांतील अनोळखी आंकडे

मुंबईचें उष्णतामान म्हणून वर्तमानपत्रांत दोन आंकडे छापलेले असतात. एक कुलाब्याचा आणि दुसरा सांताक्रूझचा. एकाच दिवशीं, एकाच शहरांत, या दोहोंमध्यें कधीं कधीं दोन-तीन अंशांचें अंतर पडतें. पण त्याचें कोणास आश्चर्य वाटत नाहीं, कारण आंकड्याशेजारीं स्थळाचें नांव असतें. तीं दोन नांवें खोडून नुसते आंकडे छापले, तर वाचणारास त्यांतून काय बोध होणार? लॅपटॉपमधील उष्णतामापकांची स्थिति पुष्कळदां नेमकी अशीच असते.

फणसवाडींतील एखाद्या चाळींतली खोली डोळ्यांसमोर आणावी. मे महिन्याची दुपार आहे. पंखा फिरतो आहे, पण वारा गरमच. कॉलेजांत जाणाऱ्या मुलाचा लॅपटॉप आठ वर्षांचा जुना. तो तापतो, घोंघावतो आणि ऐन कामांत बंद पडतो. दुरुस्ती करणारा सांगतो कीं मदरबोर्डच गेला, आतां नवा घ्या. नव्या यंत्राचा खर्च घराला झेपण्यासारखा नाहीं. मुलगा लिनक्समध्यें 'सेन्सर्स' ही आज्ञा देतो आणि पडद्यावर चार ओळी उमटतात: टेम्प-1, 52 अंश, टेम्प-2, 27.8, टेम्प-3, 94, टेम्प-4, उणें 128. हा 94 अंशांचा ताप कोणाचा, हें मात्र कोठेंच लिहिलेलें नाहीं.

नांवें कां नसतात? उष्णता मोजणारा भाग म्हणजे बहुधा सिलिकॉनचा एक सूक्ष्म डायोड असतो. त्यांतून ठराविक प्रवाह सोडला असतां त्यावरील विद्युद्दाब दर अंशामागें सुमारें 2 मिलिव्होल्टनें उतरतो, व त्यावरून उष्णतामान काढतात. अशा अनेक मापकांच्या वाटा एका नियंत्रक चिपमध्यें येऊन मिळतात. पहिली वाट, दुसरी वाट, एवढेंच त्या चिपला ठाऊक. वाटेच्या टोकाशीं प्रोसेसर आहे कीं बॅटरी, हें बोर्डाची आंखणी करणारास ठाऊक. त्यानें तें प्रसिद्ध केलें नाहीं, तर लिनक्सला नुसता क्रमांक देऊनच थांबावें लागतें. चाळीच्या जिन्याखालीं विजेचे मीटर रांगेनें असावेत आणि त्यांवर बिऱ्हाडकरूंचीं नांवें नसावींत, तसा हा प्रकार. अशा वेळीं शहाणा माणूस एका खोलींतली इस्तरी चालूं करतो आणि कोणता मीटर धांवूं लागतो तें पाहतो. मापक ओळखण्याची रीतहि हीच.

त्याआधीं खोटे आंकडे वेगळे काढावे. आठ बिटांत मावणारी सर्वांत लहान संख्या उणें 128. ती दिसली कीं त्या वाटेच्या टोकाशीं बहुधा कांहीं जोडलेलेंच नाहीं. थिंकपॅड यंत्रांविषयींच्या लिनक्सच्या दस्तऐवजांत तर अनुपस्थित मापकासाठीं हाच आंकडा सांगितलेला आहे. 27.8 ची गंमत निराळी. खोलींत 33 अंश उकाडा असतां चालूं यंत्राचा कोणताहि भाग 28 अंशांवर राहूं शकत नाहीं. यंत्राच्या मूळ प्रणालींतून हें उष्णतामान केल्विनच्या दशांशांत येतें. 301 मधून 273.2 वजा केले कीं बरोबर 27.8 उरतात. म्हणजे कोणी तरी 301 हा ठोकळ आंकडा कायमचा लिहून ठेवला असावा. खात्री करावयाची असेल, तर लॅपटॉप रात्रभर बंद ठेवून सकाळीं उघडतांच आंकडे वाचावेत; प्रोसेसरचा आंकडा लगेच चढूं लागतो, पण इतर सर्व खरे मापक त्या क्षणीं खोलीच्या उष्णतामानाच्या आसपास असतात.

मग एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि दर दोन सेकंदांनीं यादी पाहावी. प्रोसेसरला मुद्दाम कामास जुंपलें, तर त्याचा मापक एक-दोन सेकंदांतच झपाट्यानें चढतो व काम थांबतांच तितक्याच वेगानें उतरतो. इतका चपळ दुसरा कोणी नाहीं. मोठी फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतांना डिस्कचा आंकडा मिनिटामिनिटानें वाढतो. बॅटरीचा तर अर्धा तास चार्जिंग केल्यावर हळूच वर सरकतो. बर्फ किंवा थंड पाण्याचें भांडें मात्र कधींहि लावूं नये. पावसाळ्यांत मुंबईची हवा इतकी दमट असते कीं थंड धातूवर दंव धरण्यास वेळ लागत नाहीं, आणि तें पाणी बोर्डावर उतरतें.

खरी अडचण शेजाराची. प्रोसेसर आणि चित्रचिप यांची उष्णता पुष्कळदां एकाच तांब्याच्या नळीनें बाहेर नेलेली असते, म्हणून एक तापला कीं दुसऱ्याचाहि आंकडा चढतो. 1826 सालच्या कुलाबा वेधशाळेस असाच शेजार नडला. शहरांत विजेच्या ट्रॅम येणार असें दिसूं लागतांच, त्यांच्या प्रवाहानें चुंबकसूची बहकेल हें ओळखून चुंबकीय वेधांचें काम 1904 सालीं अलिबागेस नेण्यांत आलें. विजेची ट्रॅम धांवूं लागली ती 1907 मध्यें. लॅपटॉपमधील मापकास अलिबाग नाहीं. तेव्हां कोण आधीं चढला आणि कोण मागून आला, हा क्रमच पाहावा लागतो. अशाच चिकाटीनें लोकांनीं थिंकपॅड टी-43 या यंत्राचा अकरावा मापक ओळखला: तो बोर्डाच्या खालच्या अंगास, एफ-2 या कळीखालीं, वीजनियामकापाशीं आहे.

आंधळेपणानें चांचपणें मात्र धोक्याचें. 2000 सालच्या सुमारास 'सेन्सर्स-डिटेक्ट' हा शोधक प्रोग्रॅम चालवल्यानें कांहीं आयबीएम थिंकपॅडांच्या स्मृति-चिपमधील नोंद बिघडली आणि तीं यंत्रें सुरूच होईनात. पुढें त्याचा बंदोबस्त झाला. तरीहि तो प्रोग्रॅम जें उत्तर सुचवील तेंच द्यावें.

आतां फणसवाडींतील त्या 94 कडे वळावें. तो काम देतांच चढला आणि काढतांच उतरला, तर तो प्रोसेसरच होय. अनेक प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते व तिच्याजवळ जातां ते आपणच वेग कमी करतात. म्हणून भर कामांतील 94 वरून बोर्ड गेला असें ठरत नाहीं. पण कांहीं काम नसतांहि तो तेथेंच राहत असेल, तर पंखा उघडून जाळींत बसलेला धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर काढावा, वाळलेला पेस्ट बदलून घ्यावा आणि तीच परीक्षा पुन्हा करावी. आंकडा चांगलाच उतरला, तर नव्या लॅपटॉपचा विचार सोडून द्यावा. उतरला नाहीं, किंवा सर्व आंकडे शांत असतांहि यंत्र बंद पडत राहिलें, तर दुरुस्ती करणाऱ्याचें म्हणणें खरें असूं शकेल. ओळख पटलेल्या मापकांचीं नांवें 'सेन्सर्स'च्या मांडणीच्या फाइलींत लिहून ठेवतां येतात, आणि उणें 128 सारखी ओळ तेथूनच यादींतून गाळतां येते.