मनाची खतावणी

दिवाळीच्या सुमारास कीर्द व खतावणी ताडून पाहताना एका रुपयाचा फरक निघाला, तर सचोटीचा व्यापारी तो सापडेपर्यंत अंथरुणास पाठ लावीत नाही. परंतु तोच गृहस्थ, आपण मनात काय मानतो आणि चारचौघांत कसे वागतो, यांतील फरक वर्षानुवर्षे पुढील पानावर ओढीत राहतो. आणि मग चित्तास स्वास्थ्य नाही म्हणून प्रवचने, तीर्थयात्रा व ध्यानाची शिबिरे यांची वाट धरतो! रोगाचे निदान न करता औषधे बदलीत राहण्याचाच हा प्रकार होय.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. हुंडा देणे व घेणे हा 1961 च्या कायद्याने गुन्हा ठरला. त्याची निंदा करणारे सुशिक्षित गृहस्थ गल्लोगल्ली भेटतात. पण स्वतःच्या मुलाचे लग्न ठरले की त्यांची भाषा पालटते. ‘आम्ही काही मागितले नाही, त्यांनी हौसेने दिले, नाही म्हटले तर वडील मंडळी दुखावतील.’ इतरांस कशाला हसावे? अशाच एका लग्नात, देण्याघेण्याची यादी कानी पडत असता, आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर म्हणवून घेऊनही पंगतीस मुकाट्याने बसलो होतो. यजमान संतुष्ट झाले. आमची झोप मात्र त्या रात्री उडाली.

अशा वेळी गोपाळ गणेश आगरकरांचे स्मरण होते. एम. ए. झालेल्या या गरिबाच्या मुलास सरकारी नोकरीत पैसा व मान दोन्ही मिळाले असते. त्यांनी शिक्षकाचा अल्प वेतनाचा मार्ग पत्करला, आणि मोठ्या पगाराची आशा धरू नये असे आईस पत्राने आधीच कळविले. ज्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक, ज्याच्यासाठी 1882 साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, ते पत्र त्यांनी सामाजिक सुधारणेवरील मतभेदामुळे 1887 साली सोडले आणि 1888 साली ‘सुधारक’ काढला. बालविवाह व केशवपन यांविरुद्ध लिहिल्याचे फळ म्हणून पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. दम्याने जर्जर होऊन 1895 साली, चाळिशीही न गाठता, ते वारले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच बांधून ठेवले होते, असे सांगतात.

यावर कोणी विचारील, की अशा मनुष्यास शांती ती कोठे लाभली? वाचकहो, घोटाळा येथेच होतो. दारापुढील गलबला थांबणे यास आपण शांती समजतो, आणि तो थांबावा म्हणून आपली मते एकेक करून विकीत जातो. गलबला थांबतो खरा. पण मग आतला फिर्यादी बोलू लागतो, आणि त्याच्यापुढे तारीख वाढवून मिळत नाही. आगरकरांच्या दारापुढे गलबला पुष्कळ होता. परंतु आपण लिहिले एक आणि केले दुसरे, असा दावा त्यांच्या अंतःकरणाने त्यांच्यावर लावावा, असे त्यांनी होऊ दिले नाही. शांती म्हणतात ती हीच.

प्रत्येकाने आगरकर व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. संसार, बाजार व भाऊबंद सांभाळावयाचे असतात, हे आम्हीही जाणतो. पण सारा हिशेब एका दिवसात जुळत नसेल, तर निदान एक कलम तरी दुरुस्त करावे. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी बैठकीच्या पहिल्याच दिवशी, सर्वांच्या देखत, ‘आम्हांस काही घ्यावयाचे नाही’ असे स्वच्छ सांगावे, आणि पाठीमागच्या दाराने आलेलेही परत करावे. चार नातलग रुसतील; ते पुढेमागे समजतील. ज्याच्याशी आपणांस अखेरपर्यंत एका घरात राहावयाचे आहे, ते आपले मन मात्र एकदा रुसले म्हणजे त्याची समजूत घालणे फार कठीण जाते.