तळणीचे तेल आणि ट्रकची टाकी : इंजिन चालते, पण किती काळ?

नवी दिल्ली : डिझेल महागले की तळणीचे उरलेले तेल गाळून थेट ट्रकच्या टाकीत ओतण्याची कल्पना पुन्हा डोके वर काढते. ती निव्वळ भ्रामक नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. इंजिन सुरू होईल का, हा प्रश्न तेव्हाच सुटला. ते किती काळ टिकेल, हा खरा प्रश्न आहे.

अडचण तेलाच्या दाटपणात आहे. ४० अंश सेल्सिअस तापमानाला डिझेलची श्यानता २ ते ४.५ सेंटिस्टोक असते. बहुतेक वनस्पती तेलांची ३० ते ४० च्या घरात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा पडला की ते आपोआप पेट घेते. दाट तेलाचे थेंब मोठे पडतात आणि पुरते जळत नाहीत. मग इंजेक्टरच्या तोंडाशी कार्बन साचतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि खाली झिरपलेले तेल वंगणात मिसळून तेही घट्ट करते. हा बिघाड पहिल्या काही फेऱ्यांत जाणवत नाही, म्हणूनच ‘आमची गाडी तर चालते’ हा दावा फसवा ठरतो.

परदेशांतील हौशी चालकांनी यावर दोन टाक्यांचा उपाय शोधला. इंजिन डिझेलवर सुरू करायचे, इंजिनातील गरम पाण्याने तेल ७० अंशांच्या आसपास तापवून पातळ करायचे, मग तेलाकडे वळायचे. थांबण्यापूर्वी पुन्हा डिझेल फिरवून नळ्या धुवायच्या. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत हे काही अंशी जमत असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या ट्रकमध्ये मात्र इंधनाचा दाब दीड हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. तेथे हा प्रयोग म्हणजे महागड्या दुरुस्तीला आमंत्रण.

तेल बदलण्याचा मार्ग अधिक भरवशाचा आहे. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यासारखा उत्प्रेरक यांच्याशी अभिक्रिया झाली की तेलातून ग्लिसरीन वेगळे होते आणि डिझेलच्या जवळपास जाणारे पातळ इंधन, म्हणजेच बायोडिझेल, उरते. वारंवार तापवलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात. ती आधी हाताळली नाहीत तर टाकीत इंधनाऐवजी साबण तयार होतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हे काम घरच्या अंगणात करण्याजोगे नाही. भारतीय मानकांनुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

हे तेल इंधनाकडे वळवण्यामागे आरोग्याचेही कारण आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात. ती २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल अन्नासाठी वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी प्राधिकरणाने ‘रुको’ मोहीम सुरू केली. नावातच थांबण्याची सूचना. मोठ्या उपाहारगृहांतील तेल स्वस्तात लहान विक्रेत्यांकडे जाण्याची जुनी वाट बंद करणे, हा तिचा हेतू. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांतून अशा तेलाचे बायोडिझेल विकत घेण्यासाठी प्रस्ताव मागवले.

तळणासाठी दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याच्या नोंदी ठेवणे आणि उरलेले तेल अधिकृत संकलकाला देणे बंधनकारक आहे. समोसे-भजी तळणारी रस्त्याकडेची गाडी या मर्यादेत सहसा येत नाही. तिच्याकडचे लिटर-दोन लिटर तेल उचलण्यासाठी टेम्पो फिरवणे संकलकाला परवडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कढईत नव्या तेलाची भर पडते.